रानात नेणाऱ्यांची शाळा

४ ऑगस्ट १९१२, रविवार. लंडनच्या दक्षिण भागातील वॉलवर्थ या कष्टकऱ्यांच्या वस्तीतले एक बालवीर पथक आदल्या दिवशी वॉटर्लू पुलापासून होडीने निघाले होते. थेम्सच्या प्रवाहाबरोबर खाली जायचे, नदीच्या मुखाशी असलेल्या शेपी बेटावर लेस्डाऊन येथे तंबू ठोकायचे आणि सुट्टीचे दिवस समुद्रकाठी घालवायचे, असा बेत होता. यांतल्या बहुतेक मुलांच्या घरी सुट्टीत कुठे जाण्याची ऐपत नव्हती. पथकामुळेच त्यांना समुद्र दिसणार होता. किनारा दृष्टीच्या टप्प्यात आला असताना वाऱ्याचा जोरदार झोत आला, शीड कलले आणि होडी उलटली.

नऊ मुले बुडाली. त्यांपैकी आठ याच पथकातली होती आणि एक जण एका प्रशिक्षण-जहाजावरून पाहुणा म्हणून आलेला होता. होडीतल्या मोठ्या माणसांनी पाण्यात झेपावून काहींना वाचवले, पण सर्वांना वाचवणे त्यांच्या हाती उरले नाही. मृतांमधील बारा वर्षांच्या एका मुलाच्या नावातच ‘बेडन पॉवेल’ हे शब्द होते. सन १९०० मध्ये माफेकिंगचा वेढा उठला, तेव्हा त्या लढाईच्या नायकाचे नाव आपल्या बाळाला देणारे आईबाप इंग्लंडमध्ये पुष्कळ होते. हे त्यांच्यापैकीच एक घर.

नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी मुलांचे देह लंडनला आणण्यासाठी ‘फर्व्हंट’ ही विनाशिका पाठवली. गरीब वस्तीतल्या शाळकरी पोरांसाठी युद्धनौका जावी, हे तोवर घडलेले नव्हते. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी अफाट होती. ननहेडच्या दफनभूमीत मुलांच्या थडग्यावर एका बालवीराचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. १९६९ मध्ये तो पुतळाही चोरीला गेला.

चौकशीअंती हा अपघात ठरला आणि तसा तो होताच. तरीही या घटनेने एक प्रश्न उघडा पाडला. पगार न घेता, केवळ हौसेने आणि सद्भावनेने, दुसऱ्यांची मुले घेऊन पाण्यावर, डोंगरात आणि रानात जाणाऱ्या माणसाला नेमके काय यायला हवे? आणि ते त्याला कोणी शिकवायचे?

हा प्रश्न इतक्या तातडीने उभा राहण्याचे कारण चळवळीच्या जन्मातच होते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये निवृत्तीच्या वाटेवरचे लष्करी अधिकारी रॉबर्ट बेडन पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचे एक प्रयोगशिबिर घेतले. श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि कामगारांची मुले यांत एकत्र होती. त्यांच्या चार टोळ्या केल्या होत्या, प्रत्येक टोळीला तिच्यातलाच एक मुलगा नायक म्हणून दिला होता. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या अंतराने सहा भागांत बाजारात आले. असलेल्या युवक-संघटनांनी त्यातल्या कल्पना वापराव्यात, एवढीच लेखकाची मूळ अपेक्षा होती.

घडले ते वेगळेच. पुस्तकाचा एकेक भाग हाती पडताच गल्लीबोळांतल्या मुलांनी आपणहून टोळ्या काढल्या आणि मग एखाद्या मोठ्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहून ‘तुम्ही आमचे स्काऊटमास्टर व्हा’ असा लकडा लावला. कोणी पाद्री, कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी नुकताच कॉलेज संपवलेला तरुण. मुलांनी नेता शोधावा आणि नेत्याने मग पुस्तक उघडून पाहावे, असा हा उलटा क्रम होता. यांपैकी अनेकांनी त्याआधी आयुष्यात एकही रात्र तंबूत काढलेली नव्हती. शहरात वाढलेल्या माणसाला ओले लाकूड कसे पेटवायचे, पिण्याचे पाणी कुठून घ्यायचे, सांडपाण्याचा खड्डा कुठे खणायचा, आभाळ पाहून कधी माघार घ्यायची, हे कुठून ठाऊक असणार? पुस्तकात ते लिहिलेले होते. पण पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही.

बेडन पॉवेल यांना ही उणीव लवकर जाणवली. लंडन आणि यॉर्कशायर येथे स्काऊटमास्टरांसाठी प्रशिक्षणाचे काही प्रयोग युद्धापूर्वीच झाले होते. परंतु स्वतःची अशी जागा नव्हती, कायमचा शिक्षक नव्हता आणि ठरलेला क्रमही नव्हता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि तेही थांबले.

युद्धाने चळवळीचा दुहेरी हिशेब केला. तरुण स्काऊटमास्टर हजारोंनी सैन्यात गेले आणि अनेक परतले नाहीत. त्यांत रोलंड फिलिप्स हा लंडनच्या ईस्ट एंडमध्ये काम करणारा अत्यंत बुद्धिमान तरुण होता. मोठ्यांनी सूचना देण्याऐवजी टोळीनायकाला खरी जबाबदारी द्यावी, हा विचार त्याने १९१४ च्या आपल्या ‘द पॅट्रोल सिस्टिम’ या छोट्या पुस्तकात पद्धतशीर मांडला होता. १९१६ च्या जुलैमध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला. त्याने मांडलेली गोष्ट मात्र त्याच काळात गावोगाव सिद्ध होत होती. मोठी माणसे आघाडीवर गेल्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या टोळीनायकांनीच कित्येक पथके चालवून दाखवली. मुले स्वतः सांभाळू शकतात, हे कळले. त्याबरोबर हेही कळले की युद्ध संपल्यावर नेत्यांची एक संपूर्ण पिढी नव्याने घडवावी लागणार आहे.

अशा वेळी स्कॉटलंडच्या रोझनीथ येथील डब्ल्यू. एफ. डी बोइस मॅक्लारेन हे व्यावसायिक पुढे आले. ते चळवळीतले स्थानिक आयुक्त होते. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या पोरांना तंबू ठोकायला मोकळी जागा नसते, हे पाहून त्यांचा जीव तुटत असे. त्यांना मुलांसाठी जागा घ्यायची होती. बेडन पॉवेल यांना ती नेत्यांसाठी हवी होती. शेवटी एकाच जमिनीवर दोन्ही गोष्टी बसवायचे ठरले आणि लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या रानाला लागून चिंगफर्डजवळची गिलवेल नावाची ५३ एकरांची इस्टेट निवडली गेली. मॅक्लारेन यांनी तिच्यासाठी सात हजार पौंड दिले आणि पडझड झालेल्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी आणखी रक्कम घातली.

या वाड्याचा पूर्वेतिहास थोडा गमतीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो विल्यम चिनरी या सरकारी खजिन्यातील बड्या कारकुनाच्या घराण्याकडे होता. घरी मेजवान्या झडत, राजघराण्यातले पाहुणे येत. १८१२ मध्ये खजिन्यातून सुमारे ऐंशी हजार पौंड गायब असल्याचे उघडकीस आले आणि हे गृहस्थ देश सोडून पळाले. सरकारी पैशाच्या अपहाराने गाजलेल्या वास्तूत शंभर वर्षांनी बिनपगारी माणसे घडवली जाऊ लागली, हा योगायोग कोणी ठरवून आणला नव्हता.

१७ एप्रिल १९१९ रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, जागेची साफसफाई करायला थोरल्या बालवीरांची, म्हणजे रोव्हरांची, पहिली तुकडी आली. पाऊस एवढा झाला होता की चिखलात तंबू उभारणे अशक्य झाले. त्या पोरांनी माळ्याच्या मोडक्या छपरात रात्र काढली आणि त्या छपराचे नाव ‘डुकरांचा खुराडा’ असे ठेवून दिले. ते छप्पर पुढे मुद्दाम जपून ठेवण्यात आले. जगभरच्या शिबिरनेत्यांची पंढरी म्हणून जी जागा पुढे ओळखली गेली, तिथल्या पहिल्या मुक्कामात तंबूच लागला नाही.

२६ जुलै १९१९ रोजी गिलवेलचे रीतसर उद्घाटन झाले आणि ८ सप्टेंबरला स्काऊटमास्टरांचे पहिले शिबिर सुरू झाले. दीड डझनभर प्रौढ माणसे बारा दिवसांसाठी आली होती. शिबिरप्रमुख होता लष्करी सेवेतून आलेला तरुण कॅप्टन फ्रान्सिस गिडनी. सकाळी सर्वांना एकत्र बोलावण्यासाठी घंटा नव्हती. १८९६ च्या माटाबेले मोहिमेतून बेडन पॉवेल यांनी आणलेले कुडू हरणाचे लांब पिळदार शिंग फुंकले जाई. हेच शिंग ब्राउनसीवरही वाजले होते.

गिलवेलचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीत होते. या माणसांना समोर बसवून व्याख्याने देण्याऐवजी त्यांनाच मुले बनवण्यात आले. पदे, पदव्या आणि सामाजिक दर्जा बाहेर ठेवून त्यांच्या टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीचा एक नायक, एक तंबूंची जागा, एक चूल. आज जो नायक, तो उद्या साधा टोळीकर होऊन दुसऱ्याच्या आज्ञेने लाकडे फोडणार. जेवण बाहेरून येत नसे. भात करपला तर करपलेला भात, आणि चूल विझली तर उपवास. पन्नाशीच्या पाद्रीबुवांना विशीतल्या कारकुनाने भांडी घासायला धाडले, तर जावे लागे. मुलाला टोळीत राहून काय सोसावे लागते, रात्री ओले अंथरूण कसे लागते, नायकाने अन्याय केला तर पोटात कसे ढवळते, हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते अनुभवलेला माणूसच पुढे आपल्या पथकातल्या लहानग्याच्या डोळ्यांतले पाणी ओळखतो.

शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. तंबू उताराच्या तळाशी ठोकायचा नाही, आणि एकट्या उंच झाडाखालीही नाही. त्या काळचे तणावे सुती किंवा तागाचे असत; पावसात भिजले की ते आखडतात. म्हणून झोपण्यापूर्वी ते सैल करून ठेवायचे, नाहीतर मध्यरात्री मेखा उपटून तंबू अंगावर येतो. पाऊस चालू असताना कापडाला आतून बोट लावायचे नाही, कारण जिथे बोट लागेल तिथून पाणी झिरपू लागते. स्वयंपाकाच्या जागेला दोन खड्डे हवेत, एक सांडपाण्याचा आणि एक कोरड्या कचऱ्याचा. शौचाची जागा पाण्यापासून आणि चुलीपासून दूर, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला. चुलीसाठी हिरवळ कापायची तर ती चौकोनी तुकड्यांत अलगद सोलायची, सावलीत ठेवून रोज पाणी घालायचे आणि निघताना जशीच्या तशी परत बसवायची. कुऱ्हाड हातात घेण्यापूर्वी हात लांब करून चारी बाजूंना फिरून पाहायचे, कोणी टप्प्यात तर नाही ना. वापर नसताना पाते झाकलेले किंवा ओंडक्यात रुतवलेले. ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड हेच पुढे गिलवेलचे चिन्ह झाले.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक कठीण धडा होता: मोजणे. पाण्यात उतरण्यापूर्वी मोजणे, पाण्यात असताना मोजणे, बाहेर आल्यावर मोजणे. वाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर मोजणे. मुलांना मोकळीक द्यायची आणि त्यातल्या एकालाही नजरेआड होऊ द्यायचे नाही, या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच माणसाने साधायच्या असतात. लेस्डाऊनचे पथक बेजबाबदार होते म्हणून ही शाळा निघाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गिलवेलची स्थापना थेट त्या घटनेतून झालेली नाही. मात्र आपले मूल दुसऱ्याच्या हाती सोपवताना वॉलवर्थच्या आईबापांनी ज्या भरवशावर सोपवले, त्या भरवशाला गिलवेलमध्ये प्रथमच पद्धतशीर आधार मिळाला.

प्रशिक्षणाचे तीन भाग ठरले. घरी बसून प्रश्नांची लेखी उत्तरे देण्याचा पहिला. प्रत्यक्ष शिबिराचा दुसरा. आणि तिसरा, जो सर्वांत जास्त काळ चाले: आपल्या गावी परत जाऊन कित्येक महिने पथक चालवायचे आणि ते ठीक चालले आहे अशी स्थानिक आयुक्ताने खात्री द्यायची. शिबिरात उत्तम गाठी मारणारा माणूस गावी जाऊन मुलांवर खेकसत असेल, तर त्याला काहीही मिळत नसे. आजच्या घाईच्या प्रमाणपत्रांशी तुलना केली तर हा तिसरा भागच सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मग प्रश्न आला बक्षिसाचा. बिनपगारी माणसाला द्यायचे काय? छापील प्रमाणपत्र बेडन पॉवेल यांना नीरस वाटत होते. त्यांच्या संग्रही झुलू राजपुत्र दिनिझुलू याची लाकडी मण्यांची लांबलचक माळ होती. तिच्यात हजाराच्या आसपास मणी असल्याचे सांगतात. तिच्यातले दोन-दोन मणी चामड्याच्या दोरीत ओवून त्यांनी उत्तीर्ण नेत्यांना दिले. यालाच ‘वुड बॅज’ हे नाव पडले. सुरुवातीला हे मणी हॅटवर लावत, पुढे गळ्यात घालू लागले. अस्सल मणी लवकरच संपत आले, तेव्हा हुबेहूब नकला कोरून घ्याव्या लागल्या. गळ्यातल्या रुमालावर मॅक्लारेन घराण्याच्या चौकडीच्या कापडाचा तुकडा आला, तो दात्याचे ऋण म्हणून.

या माळेची कथा चळवळीत बराच काळ गोड करून सांगितली गेली. दिनिझुलूने ती बेडन पॉवेल यांना आदराने भेट दिली, अशी ती कथा. इतिहासकारांनी कागद तपासल्यावर चित्र वेगळे दिसते. १८८८ मध्ये इंग्रजांनी झुलूलँडवर लष्करी मोहीम केली, तेव्हा बेडन पॉवेल त्या फौजेत होते. केत्शवायो राजाचा हा तरुण मुलगा त्या वेळी डोंगराच्या आश्रयाने लढत होता. त्याने सोडून दिलेल्या वस्तीतून ही माळ उचलली गेली असण्याचीच शक्यता अधिक. झुलू परंपरेत असे मणी पराक्रमाचे मानचिन्ह होते. ते विकत मिळत नसत आणि कोणालाही घालता येत नसत. दिनिझुलू शरण आला, त्याच्यावर खटला झाला आणि त्याला सेंट हेलेना बेटावर हद्दपार करण्यात आले, ज्या बेटावर नेपोलियन मेला तेच. परतल्यावर पुन्हा खटला, पुन्हा शिक्षा. १९१३ मध्ये तो वारला. सहा वर्षांनी त्याचे मणी गिलवेलमध्ये इंग्रज स्काऊटमास्टरांच्या हॅटवर चढले. पराक्रमाशिवाय मिळू नये अशी वस्तू पराक्रम करणाऱ्यालाच द्यावी, ही बेडन पॉवेल यांची कल्पना झुलू संकेताला धरून होती. ती माळ ज्याची होती, त्याला मात्र कोणी विचारले नव्हते.

मुलींच्या गाईड चळवळीलाही १९२२ मध्ये इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात फॉक्सलीझ हे असेच प्रशिक्षणकेंद्र मिळाले.

गिडनी १९२३ मध्ये गिलवेल सोडून गेला आणि १९२८ मध्ये अकाली वारला. त्याच्या जागी आलेला माणूस भारतातून आला होता. जॉन स्किनर विल्सन हे कलकत्त्यातील पोलीस अधिकारी. १९१७ मध्ये ते तिथल्या स्काऊट चळवळीत ओढले गेले आणि १९२३ पासून १९४३ पर्यंत तब्बल वीस वर्षे त्यांनी गिलवेलचे प्रमुखपद सांभाळले. गिलवेलची पद्धत जगभर एकसारखी रुजली, त्याचे श्रेय बरेचसे त्यांचे.

विल्सन ज्या कलकत्त्यातून गेले, तिथला प्रश्न इंग्लंडपेक्षा निराळा होता. इंग्लंडमध्ये नेत्याला काय यावे हा वाद होता. हिंदुस्थानात बालवीर कोणाला होऊ द्यावे, हाच वाद होता. १९०९ मध्ये बंगळुरात पहिले पथक निघाले. १९१० आणि १९११ मध्ये पुण्याजवळचे खडकी, तसेच लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला येथे पथके झाली. नावे वाचून अभिमान वाटावा, पण ती छावण्यांची आणि रेल्वे वसाहतींची ठिकाणे होती. ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. माग काढणे, नकाशे वाचणे, खुणेच्या भाषेत निरोप धाडणे, रात्री न चुकता वाट काढणे, हे सारे हिंदी पोरांना शिकवले तर त्यांतून उद्या क्रांतिकारक निपजतील, ही सरकारची भीती. गुप्त संघटनांनी बंगाल हादरलेला होता, त्यामुळे ही भीती सरकारला निराधार वाटत नव्हती. अशा वेळी अल्फ्रेड पिकफर्ड हे कलकत्त्याचे स्काऊट आयुक्त आणि खुद्द पोलीस खात्यातले विल्सन हे दोघे बंदी उठावी म्हणून खटपट करीत होते. क्रांतिकारकांना पकडणाऱ्या खात्यातला माणूस हिंदी मुलांच्या हाती होकायंत्र द्यावे म्हणून भांडतो, हे दृश्य त्या काळी विरळाच.

पण परवानगीची वाट पाहत सगळे बसले नव्हते. शाहजहानपुरात श्रीराम बाजपेयी यांनी बेडन पॉवेल यांचे पुस्तक वाचून १९१३ च्या सुमारास स्वतःच मुले गोळा केली. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी हिंदी बालवीरांची वेगळी संस्था काढली. तिच्यातली मुले हॅटऐवजी फेटा बांधत. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीच्या आश्रयाने बालवीर पथके उभारली. यांतले कुंझरू हे गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य, पुढे त्याचे अध्यक्ष. देशसेवा हे आयुष्यभर शिस्तीने करायचे काम आहे आणि त्यासाठी माणसे शिकवून तयार करावी लागतात, हा गोखल्यांचा आग्रह होता. कुंझरूंनी तोच आग्रह खाकी चड्डीतल्या मुलांपर्यंत नेला, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

प्रयागच्या संगमावर भरणारे मेळे हीच या पथकांची खरी शाळा ठरली. इंग्लंडच्या नेत्याला डझन-दोन डझन मुले मोजायची होती. इथे लाखोंच्या गर्दीत हरवलेले म्हातारे-पोरे शोधायचे, धारेत घसरणाऱ्याला हात द्यायचा, पटकीच्या दिवसांत पाण्याची आणि घाणीची व्यवस्था पाहायची. शौचाची जागा पाण्यापासून दूर हवी, हा गिलवेलचा नियम गंगेच्या वाळवंटात जीवनमरणाचा होता.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल हिंदुस्थानात आले आणि बऱ्याच संस्था एका छत्राखाली आल्या. सेवा समितीची पथके बाहेर राहिली, कारण वचनात राजनिष्ठेचे शब्द होते. पुढे १९३७ मध्ये दिल्लीचा मेळावा आटोपून परतल्यावर बेडन पॉवेल यांनी हिंदी लोकांच्या स्वभावाविषयी काढलेले अनुदार उद्गार वर्तमानपत्रांतून इथे पोहोचले. ज्याच्या पुस्तकावर दोन पिढ्या पोसल्या, त्यानेच असे बोलावे, हा घाव मोठा होता. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. पद्धत मात्र कोणी टाकली नाही. टोळी, टोळीनायक, चूल, तणावे आणि मोजणे, सारे तसेच राहिले. गुरूवर रुसून विद्या टाकून देण्याचा भाबडेपणा या माणसांनी केला नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन संस्था ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. पंडित नेहरू, मौलाना आझाद, मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा यांनी मध्यस्थी केली. चळवळीच्या बाजूने कुंझरू, बाजपेयी आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस बोलणीत होते. बोस यांचे नाव आज प्रामुख्याने त्यांच्या निकालपत्रांमुळे घेतले जाते. मध्य प्रांतातल्या बालवीरांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे केलेली पायपीट विदर्भातही थोड्यांच्याच स्मरणात असेल. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था जन्माला आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संस्थाही तिच्यात आली.

नव्या संस्थेला स्वतःचे गिलवेल हवे होते. ते १९५६ मध्ये सातपुड्यात पचमढी येथे उभे राहिले. नागपूर राजधानी असताना मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात जिथे मुक्काम हलवी, तीच ही पचमढी. साहेबांच्या थंड हवेच्या ठिकाणी आता खेड्यापाड्यांतले शिक्षक पाठीवर वळकटी घेऊन येऊ लागले. इंग्लंड आणि भारत यांत इथे एक फरक पडला. तिथला स्काऊटमास्टर बहुधा शाळेबाहेरचा हौशी माणूस असे. इथे हे काम मुख्यत्वे शाळेतल्या शिक्षकांकडे आले. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, शिकवण्याचे ओझे सांभाळून, ते हे करतात.

त्या शिक्षकांसाठी प्राथमिक वर्ग, प्रगत वर्ग आणि शेवटी ‘हिमालय वुड बॅज’ अशा पायऱ्या आहेत. मधल्या काळात आपल्या पथकात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही. मुंबई-इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरिया स्थानकावर उतरायचे आणि घाटाने वर जायचे. वर गेल्यावर टोळ्या पडतात. कोण मुख्याध्यापक आणि कोण नवा शिक्षणसेवक, हे कोणी विचारत नाही. ज्याच्या वाट्याला लाकडे, त्याने लाकडे आणायची; ज्याच्या वाट्याला भाकरी, त्याने पीठ मळायचे. रात्री झोपण्यापूर्वी टोळीनायक टोळीतली माणसे मोजतो आणि मग तणाव्यांकडे वळतो.